काचेच्या कोपऱ्यातला पांढरा ठिपका

त्या काचांच्या कोपऱ्यांतले पांढरे ठिपके मीच खरवडून काढले. दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायला जागा नाही. आधी ओल्या फडक्यानं मऊ केले, मग नखानं, आणि नखानं निघेनात तेव्हा ब्लेडच्या कडेनं. प्रत्येक काचेवर एक, एकाच कोपऱ्यात, वाटाण्याएवढा गोल कागद. मला वाटलं, कुठल्या तरी दुकानदाराच्या चिठ्ठीचा उरलेला गोंद असेल. काचा लख्ख झाल्या तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आश्विन लागला की हे आठवतं. नगरचं आश्विनातलं ऊन चमत्कारिक असतं. पाऊस निघून गेलेला, थंडी अजून वेशीबाहेर, आणि मधल्या रिकाम्या जागेत हे ऊन येऊन बसतं. काळ्या दगडाच्या भिंती दुपारभर ते पितात आणि संध्याकाळी अंगावर सोडतात. चित्रकलेच्या ग्रेडच्या परीक्षा याच दिवसांत येतात. शाळेच्या व्हरांड्यात मुलं पेन्सिलींना टोक काढत बसतात. तासलेल्या लाकडाचा वास, ओल्या कागदाचा वास, आणि वर्गाच्या मध्यावर स्टुलावर मांडलेला घडा. तो घडा दर वर्षी तोच असतो. त्याच्याकडे पाहिलं की मला एक हात दिसतो. मांडीखाली दाबून ठेवलेला.

मी ड्रॉइंग मास्तर. माझ्या हाताखालून पुष्कळ मुलं गेली. काही बोर्ड रंगवतात, काही गणपती करतात, बरीचशी शेतीत गेली. पाराजी एकटाच असा आहे, की जो माझ्या मनातून उठून कधी गेलाच नाही.

युद्ध पेटलं तेव्हा गावातल्या एक वृद्ध पाद्रीबाई मायदेशी निघाल्या. जाताना त्यांनी आमच्या शाळेला एक लाकडी पेटी आणि एक मॅजिक लँटर्न, म्हणजे काचेवरचं चित्र भिंतीवर पाडणारा दिवा, दिला. पेटीत खाचाखाचांतून काचा उभ्या केलेल्या होत्या. प्रत्येक काचेवर एक चित्र, युरोपातल्या कुठल्या ना कुठल्या थोर चित्रकाराचं. नावांच्या चिठ्ठ्या वाळवीनं खाल्ल्या होत्या. तेवढे पांढरे ठिपके शिल्लक होते, तेही मी काढले.

ही चित्रं मी स्वतः कधी पाहिलेली नव्हती. मुंबईला शिकत असताना नावं ऐकली होती, वर्णनं वहीत उतरवून घेतली होती. पाण्याचं वर्णन पाठ केलेल्या माणसाला अचानक विहीर दाखवावी, तसं मला त्या पेटीनं झालं. हेडमास्तरांची परवानगी काढली. शनिवारी दुपारी, ग्रेडला बसणाऱ्या मुलांसाठी एक तास. त्याहून जास्त नाही, कारण घासलेट मिळत नव्हतं. घरात दिवे लवकर मालवायचे आणि आम्ही शाळेत भरदुपारी दिवा लावायचा, यावरून आमचे शिपाई हुसेनभाई मला छेडायचे. "मास्तर, बाहेर सूर्व्या फुकट जळतोय, आनि तुमी खिडक्या झाकून तेल जाळताय. लोक म्हन्तील, मास्तराला ऊन लागलं."

तरी खिडक्यांवर घोंगड्या तेच टांगायचे. घोंगड्यांच्या विणीतून उन्हाचे टाचणीएवढे ठिपके आत यायचे आणि मुलांच्या डोक्यांवर बसायचे. मग लँटर्न पेटायचा. तापलेल्या पत्र्याचा आणि घासलेटचा वास. काच चित्राचं डोकं खाली करून घालायची असते हे मला ठाऊक होतं. डावंउजवं कसं ओळखायचं ते ठाऊक नव्हतं. काचेची एक बाजू जरा जास्त चकाकायची, ती मी नेमानं भिंतीकडे ठेवायचो. पांढरा ठिपका असता तर त्यानं सांगितलं असतं. तो लावलेलाच त्यासाठी असतो. हे मला फार उशिरा कळलं.

पहिल्या शनिवारी भिंतीवर खिडकीपाशी दूध ओतणारी बाई आली. निळं पदरासारखं वस्त्र, टेबलावर पाव, आणि भांड्यातून पडणारी दुधाची बारीक धार. ती धार अजून पडतेच आहे असं मला कधीकधी वाटतं. खिडकी चित्राच्या उजवीकडे होती, उजेड उजवीकडून येत होता. मी मुलांना ठासून सांगितलं, "बघा, मोठे चित्रकार उजेड उजवीकडून घेतात."

हुसेनभाई दाराशी उभे होते. ते म्हणाले, "बाई डावखुरी दिसती, मास्तर."

मुलं हसली. मीही हसलो. पुढच्या शनिवारी एक चित्रकार आला, भल्यामोठ्या फळ्यासमोर उभा, मधोमध घेरदार झग्यातली छोटी राजकन्या, मागच्या भिंतीवर आरसा. चित्रकाराच्या डाव्या हातात कुंचला होता. त्याच्या पुढच्या शनिवारी कापणी झालेल्या शेतात वाकलेल्या तीन बाया आल्या आणि अंधारातून एक आवाज आला, "सर, ह्या तर सरवा वेचत्यात! आमच्याकडंबी आशाच वेचत्यात, ज्वारी काढल्यावर."

तो पाराजी. पूर्वेकडच्या कोरड्या भागातून आलेला, बोर्डिंगात राहणारा, उंच, खांद्यात जरा वाकलेला मुलगा. मी कौतुकानं "बरोबर" म्हणालो. थोडा वेळ गेला आणि तोच आवाज हळू आला, "आन् डाव्या हातानं. माजी आय वेचती तशी."

मला तेव्हा कळलं, की हा मुलगा डावखुरा आहे. त्याआधी तो उजव्या हातानं काढायचा. वाईट काढायचा. रेघ थरथरायची, घड्याचा काठ एका बाजूला ओघळायचा. घरी, गावच्या शाळेत, बोर्डिंगात, सगळीकडे त्याच्या डाव्या हाताला मार बसला होता. जेवताना तो हात पाठीमागे धरून बसायचा. आणि आता भरदुपारच्या अंधारात, आमच्या शाळेच्या चुन्याच्या भिंतीवर, दर शनिवारी एकेक माणूस येऊन त्याला डावा हात दाखवून जात होता.

त्यानं मला विचारलं ते तास संपल्यावर, घोंगड्यांच्या घड्या घालता घालता. "सर, मी डाव्या हातानं काढून बगू का? एकदाच."

मी म्हणालो, "काढ की. राजाच्या दरबारातला चितारी काढतो, तर तू का नाही?"

हे मीच म्हणालो होतो. हे आठवतं म्हणून पुढचं जास्त छळतं.

वर्गात मुलं घड्याभोवती गोल करून बसत. खिडक्या सगळ्या एका बाजूला. मी पाराजीला अशी जागा दिली, की उजेड त्याच्या उजवीकडून यावा आणि हाताची सावली कागदावर पडू नये. तो बसला, पेन्सिल डाव्या हातात घेतली, आणि घड्याच्या पोटाचा बाक त्यानं एका ओढीत उतरवला. मी त्याच्या मागे उभा होतो. विहिरीत सोडलेला दोर सरसर जावा तशी ती रेघ गेली होती. तो वळून माझ्याकडे बघून हसला. एवढा मोठा मुलगा, पण हसू लहान पोराचं होतं.

त्या आश्विनात आमचा वर्ग सुखात होता. बाहेर धान्याला रांगा होत्या, कागद मिळत नव्हता, आम्ही वापरलेल्या कागदांच्या पाठी वापरायचो. किल्ल्याच्या बाजूनं लष्करी गाड्या जायच्या आणि खिडक्यांची तावदानं थरथरायची. आत पाराजी काढत होता. हुसेनभाई त्याला "डावरे चितारी" म्हणायचे आणि मुजरा करायचे, तोही डाव्या हातानं. एका शनिवारी मी पेटीतलं सर्वांत मोठं चित्र दाखवलं. आकाशातून झेपावत येणारा पांढऱ्या दाढीचा म्हातारा, त्यांच्याकडचा देव, आणि जमिनीवर रेललेला तरणा माणूस, त्यानं मातीतून घडवलेला. दोघांचे हात एकमेकांकडे निघालेले, बोटांमध्ये तीळभर अंतर. तो तरणा माणूस उघडा होता, म्हणून काचेवर योग्य जागी मी काळ्या कागदाची पट्टी डकवली होती. मुलांनी अर्थातच त्या पट्टीकडेच पाहिलं. पाराजी म्हाताऱ्याच्या हाताकडे बघत होता. म्हणाला, "देवबी डावखुराच की वो, सर."

आणि मग परीक्षा जवळ आली, आणि मुंबईहून एक परीक्षक गृहस्थ दोन दिवस आधी शाळा बघायला आले.

ते विद्वान होते. गोड बोलायचे. शनिवार होता, हेडमास्तरांनी अभिमानानं त्यांना माझ्या तासाला आणून बसवलं. दिवा पेटला. दुधाची बाई आली. चित्रकार आणि राजकन्या आली. म्हातारा आला. मी बोलत होतो, उजेड उजवीकडून कसा येतो, हात कसे फिरतात. अंधारात त्यांचं हसणं आधी बारीक आलं, मग आवरेना. "अहो मास्तर, अख्खा युरोप डावखुरा करून ठेवलात की! काचा उलट्या घालताय तुम्ही. कोपऱ्यातला ठिपका बघत नाही का?"

मग त्यांनी स्वतः उठून एकेक काच बाहेर काढली, फिरवली, परत घातली. भिंतीवरचं सगळं जग एका झटक्यात पलीकडे वळलं. खिडकी डावीकडे गेली. दुधाची बाई उजव्या हातानं ओतायला लागली, म्हाताऱ्याचा हातही उजवा झाला. वर्ग हसला, हेडमास्तर हसले. अंधारात मला कुणाचा चेहरा दिसत नव्हता, त्यामुळे सगळ्यांचेच हसरे दिसले.

घोंगड्या उतरल्या, ऊन आत आलं. परीक्षक चहाला गेले. मुलं आपापल्या जागी बसली आणि मी घडा मांडला. माझे कान जळत होते. पाराजीनं पेन्सिल हातात धरली होती, पण कागदाला टेकवली नव्हती. त्यानं विचारलं. त्यात कुचेष्टा नव्हती, हे मला त्या क्षणीही माहीत होतं.

"सर, मग त्यो चितारी उजव्याच हातानं काढतो व्हय?"

टेबलावर रूळ होता. मी तो उचलला आणि त्याच्या डाव्या हाताच्या बोटांवर मारला. पेन्सिल घरंगळत स्टुलापर्यंत गेली.

"होय, उजव्या हातानं! सगळे उजव्याच हातानं काढतात. जगात उलटा एकटा तूच आहेस."

मग मी त्याला त्या जागेवरून उठवलं आणि दुसरीकडे बसवलं. हुसेनभाई दारात होते. ते पाठ फिरवून व्हरांड्यात गेले. त्या दिवसानंतर त्यांनी मला कधी छेडलं नाही. इतकी वर्षं एकत्र काम केलं, चहा घेतला, पण त्यांच्या थट्टेतून मी उठलो तो उठलोच.

परीक्षेला मी पर्यवेक्षक होतो. पाराजी उजव्या हातानं काढत होता. डावा हात त्यानं मांडीखाली दाबून धरला होता, त्यावर बसला होता म्हणा. ओळींमधून फिरताना मी दर वेळी तिथे हळू व्हायचो. एक शब्द पुरला असता. "काढ रे, कुठल्याही हातानं काढ." शब्द तोंडात आला होता. पण समोरच्या खुर्चीवर परीक्षक बसले होते, आणि मला वाटलं, आता त्याला डाव्या हातानं काढू दिलं तर हे परत हसतील. माझ्यासाठी एवढं कारण पुरेसं ठरलं. घड्याचा काठ एका बाजूला ओघळत गेला.

तो नापास झाला. बोर्डिंग सोडून गेला. पेटी मी कपाटात वर ठेवली आणि परत उघडली नाही.

पण चित्रं काही पेटीत राहिली नाहीत. दुपारी डोळा लागला की ती भिंतीवर यायची. दूध ओतणारी बाई माझ्याकडे न बघता हात बदलायची, डावा, उजवा, डावा. त्या तीन बाया सरवा वेचत वेचत भिंतीच्या कडेपर्यंत जायच्या आणि वळायच्या. बाजारात कुणी डाव्या हातानं तराजू धरलेला दिसला की मी वाट वाकडी करायचो. राज्य बदललं, झेंडा बदलला, मिठाई वाटली. मी मुलांना नव्या झेंड्याचं चित्र काढायला शिकवलं, आणि एका मुलानं पेन्सिल डाव्या हातात धरली तेव्हा खिडकीबाहेर बघत राहिलो. त्याला मी रागावलो नाही आणि धीरही दिला नाही. भित्र्या माणसाचं प्रायश्चित्त एवढंच असतं.

या वर्षी आश्विनात काही कामासाठी कोल्हारला जाणं झालं. गाडीला वेळ होता म्हणून प्रवरेच्या बाजूला फिरत गेलो. पाणी निवळलेलं होतं, काठावर म्हशी बसल्या होत्या. शाळा वाटेतच होती. पोरांचा पाढ्यांचा गलका ऐकून मास्तर माणसाचे पाय थबकतात, तसे माझे थबकले. दारातून आत पाहिलं. फळ्यापाशी उंच, खांद्यात वाकलेला एक गुरुजी उभा होता. उजव्या हातानं अक्षर काढत होता. सुंदर नव्हतं, पण सरळ होतं.

त्यानं मला ओळखलं. लगबगीनं पुढे आला, वाकून नमस्कार केला. "सर! तुमी इकडं कुठं? बसा, बसा. ए, पानी आन रं सरांना."

मी बसलो. पहिल्या ओळीत सात-आठ वर्षांची एक मुलगी पाटीवर लिहीत होती. पेन्सिल उजव्या मुठीत काठीसारखी धरलेली. तिचा डावा हात रुमालानं कमरेच्या करगोट्याला बांधला होता.

मी विचारलं, "हिला काय झालं?"

"काय न्हाई. शेवंता डावखुरी हाय." पाराजीनं अगदी साधेपणानं सांगितलं. "बांदल्याबिगर जात न्हाई, सर. मला ठावं हाय ना. आत्ताच मोडली सवय तर बरं, मोठेपनी चारचौघांत हसं व्हत न्हाई." मग तो जरा लाजून म्हणाला, "तुमी वेळेवर मारलं म्हनून माजी सुटली. न्हाईतर ट्रेनिंगला कोन घेतं मला."

त्यानं मला दोष दिला असता तर मी तिथेच बोललो असतो. त्यानं आभार मानले. पाण्याचा पेला तसाच हातात धरून मी बसलो, आणि गाडीची वेळ झाली असं खोटं सांगून उठलो.

घरी येऊन शाळेतून पेटी आणली. अंगणात उन्हात बसून एकेक काच आभाळाकडे धरली. आता मला सुलट-उलट कळत होतं, चकाकणारी बाजू आपल्याकडे ठेवायची. दुधाची बाई सुलटी, खिडकी डावीकडे. तिच्या कोपऱ्यात पांढरा ठिपका डकवला. राजकन्या, चित्रकार, ठिपका. वेचणाऱ्या बाया, ठिपका. मग ती पट्टीवाली काच आली. मी ती सुलटी धरली. म्हातारा उजवीकडून येत होता, उजवा हात पुढे करून. आणि जमिनीवर रेललेला तो माणूस, नुकता माती सोडून उठणारा पहिला माणूस, त्यानं प्राण स्वीकारायला पुढे केलेला हात डावा होता.

मी किती वेळ ती काच धरून होतो कुणास ठाऊक. त्या दिवशी परीक्षकांनी ती फिरवली तेव्हा हे भिंतीवर सगळ्यांसमोर होतं. मी पाहिलं नाही. मी तेव्हा हसणारे चेहरे मोजत होतो.

दुसऱ्या दिवशी काच फडक्यात गुंडाळून परत कोल्हारला गेलो. शाळा भरलेली होती. पाराजी दचकला. "काय विसरलं का, सर?"

"हो," मी म्हणालो आणि काच त्याच्या हातात दिली. "उजेडाकडे धर. ठिपका खाली डाव्या हाताला राहू दे. हे सुलटं आहे. खात्रीनं सुलटं आहे."

त्यानं खिडकीकडे धरली. पोरं माना उंचावून बघायला लागली. काळ्या पट्टीकडे बघून त्याला आधी हसू आलं, जुनं. मग ते हसू थांबलं. त्यानं काच जवळ घेतली, लांब धरली, परत जवळ घेतली.

"ह्याचा तर डावा हात हाय."

"होय."

"सुलटं धरूनबी?"

"सुलटं धरूनही."

शेवंता जागेवरून उठून आली होती. "गुर्जी, मला दावा ना काच." तिनं उजवा हात पुढे केला, मोकळा होता तो. पण खांदा डावा हलला, आणि रुमाल ताणला गेला. पाराजी तिच्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "थांब जरा." काच त्यानं जपून खिडकीत ठेवली, तिच्यासमोर गुडघ्यांवर बसला आणि कमरेची गाठ सोडायला लागला. गाठ सकाळची होती, घामानं आवळली होती. त्याला लवकर सुटेना. माझ्याकडे त्याची पाठ होती, तीच खांद्यात वाकलेली, आणि त्या पाठीला मी म्हणालो, सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणालो, "पाराजी, काचा मी उलट्या घातल्या होत्या. तू उलटा नव्हतास. मला हसले म्हणून मी तुला मारलं, आणि परीक्षेत तुझा हात दिसत असून गप्प बसलो. माझं चुकलं. मला माफ कर."